फ्रेमवर्क लॅपटॉप १३ : मदरबोर्ड बदलल्यानंतरचे परीक्षण

भविष्यातील उपकरणांच्या ज्या संकल्पना प्रदर्शनांत मांडल्या जातात, त्यांतील फार थोड्या सामान्य ग्राहकाच्या टेबलापर्यंत पोहोचतात, आणि पोहोचल्या तरी त्यांच्या कर्त्यांनी दिलेला शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाळला जातोच असे नाही. सुटे भाग जोडून तयार होणारे आणि तेच भाग एकेक करून बदलत वर्षानुवर्षे चालणारे यंत्र ही अशीच एक संकल्पना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२१मध्ये बाजारात आणलेला लॅपटॉप तिच्यावरच उभा आहे. त्याचे परीक्षण खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहिण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण नवा असताना तो इतर कोणत्याही चांगल्या लॅपटॉपसारखाच चालतो. त्याची खरी परीक्षा मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर ज्यावर असतो आणि बाकीचे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड, बदलण्याची वेळ येते तेव्हा होते. मी अमेरिकेत राहतो. पहिल्या पिढीचा, इंटेलच्या अकराव्या पिढीतील प्रोसेसरचा लॅपटॉप मी घेतला होता, आणि त्याच सांगाड्यात आता एएमडीचा रायझन ५ ७६४०यू हा प्रोसेसर असलेला मदरबोर्ड बसवून तो रोजच्या कामासाठी वापरतो आहे. हे परीक्षण त्या बदलानंतरचे आहे.

या संकल्पनेचा पूर्वेतिहास बराचसा निराशेचा आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय या लॅपटॉपचे मोल नीट कळत नाही. २०१३मध्ये डेव्ह हक्केन्स या डच डिझायनरने फोनब्लॉक्स नावाची कल्पना एका चित्रफितीतून मांडली आणि ती जगभर पाहिली गेली. त्याच वर्षी मोटोरोलाने, जी तेव्हा गूगलच्या मालकीची होती, प्रोजेक्ट आरा जाहीर केला. एका सांगाड्यावर कॅमेरा, बॅटरी, स्पीकर यांचे ठोकळे सरकवून बसवायचे आणि हवे तेव्हा बोटांनी काढून घ्यायचे, अशी ती योजना होती. २०१५मध्ये प्वेर्तो रिकोत व्हायची चाचणी विक्री झालीच नाही. २०१६च्या मे महिन्यात जे रूप दाखवण्यात आले, त्यात प्रोसेसर, पडदा आणि बॅटरी सांगाड्यातच कायमचे बसवलेले होते. म्हणजे जे भाग सर्वांत आधी जुने होतात, नेमके तेच बदलण्याची सोय काढून टाकली गेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. इंटेलने २०१७मध्ये दाखवलेले कम्प्यूट कार्ड, म्हणजे कार्डाएवढा काढता-घालता येणारा संगणक, २०१९पर्यंत संपले. डेलने डिसेंबर २०२१मध्ये मांडलेली कन्सेप्ट लूना ही सहज उघडता येणाऱ्या लॅपटॉपची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती, पण ती संकल्पना म्हणूनच मांडली गेली होती आणि तशीच राहिली.

हे सगळे प्रयत्न जिथे अडले, तिथे फ्रेमवर्कने घेतलेला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचे कवच आणि स्वतःची जोडणी द्यायची म्हटले, की जागा, वजन आणि वीज तिन्ही खर्च होतात, आणि लहान यंत्रात हा खर्च परवडत नाही. कंपनीचे संस्थापक निरव पटेल, जे पूर्वी आभासी वास्तवाची उपकरणे बनवणाऱ्या ऑक्युलसमध्ये होते, यांच्या चमूने सगळेच भाग बोटांनी निघावेत हा हट्ट धरला नाही. जे भाग माणूस रोज बदलेल, म्हणजे यूएसबी, एचडीएमआय, इथरनेट यांची तोंडे, तेवढी सरकवून बसणाऱ्या छोट्या एक्स्पान्शन कार्डांवर दिली. जे भाग चार-दोन वर्षांनी बदलायचे, ते स्क्रू आणि साध्या कनेक्टरांनी जोडले. त्यामुळे लॅपटॉप जेमतेम १.३ किलो वजनाचा आणि सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा राहिला. खोक्यात एक लहानसा स्क्रूड्रायव्हर येतो आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला तो पुरतो. उपकरणे उघडून त्यांच्या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सुलभतेसाठी या लॅपटॉपला दहापैकी दहा गुण दिले होते, आणि ते योग्यच होते.

मदरबोर्ड बदलण्याचे काम प्रत्यक्षात कसे होते, ते थोडे तपशिलाने सांगायला हवे. तळाशी पाच स्क्रू आहेत. ते सैल होतात, पण जागेवरून सुटून पडत नाहीत, त्यामुळे हरवण्याची भीती नाही. लॅपटॉप सरळ करून झाकण उघडले, की कळफलक आणि टचपॅड असलेले अख्खे आवरण चुंबकांवर टेकलेले असते आणि ते हलकेच वर उचलता येते. ते बोर्डाला एकाच रिबन केबलने जोडलेले आहे. ती काढली की आतला सारा प्रदेश डोळ्यांसमोर येतो: डावीकडे-उजवीकडे स्पीकर, पुढच्या बाजूला बॅटरी, मागच्या बाजूला पंख्यासह मदरबोर्ड, आणि प्रत्येक भागावर त्याचे नाव व क्यूआर कोड छापलेला. तो कोड फोनने वाचला, की त्याच भागाची माहिती उघडते. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पडदा, कॅमेरा, ध्वनी यांच्या केबल, आणि शेवटी वायफायच्या दोन अँटेना. या अँटेनांची टोके मसुराच्या दाण्याहूनही लहान आहेत आणि परत बसवताना साऱ्या कामात तेवढ्याच एका ठिकाणी हात खरोखर स्थिर लागतो. नवा बोर्ड पंखा आणि उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांसह येतो, त्यामुळे प्रोसेसरवर थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माहिती साठवणारी एसएसडी आणि वायफाय कार्ड जुन्या बोर्डावरून नव्यावर गेले. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमची बोर्डाशी जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहतो. हे ठाऊक नसेल, तर बोर्ड बिघडलेला आला असे वाटून माणूस घाबरून जाईल, म्हणून मुद्दाम नोंदवतो. सवय नसलेल्या माणसालाही हे काम अर्ध्या-पाऊण तासात जमेल, असे माझे मत आहे.

रॅम मात्र नवीन घ्यावी लागली, कारण पहिल्या बोर्डावर डीडीआर४ होती आणि एएमडीच्या बोर्डाला डीडीआर५ लागते. हा खर्च जाहिरातीतल्या आकड्यात दिसत नाही, तेव्हा तो आधीच धरून चालावे. जुना बोर्ड आणि जुनी रॅम वाया गेली नाही, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. कूलर मास्टरने याच मदरबोर्डसाठी एक पातळ पेटी बनवली आहे. तिची किंमत ३९ डॉलर होती. तिच्यात जुना बोर्ड बसवला, यूएसबी-सी चार्जर लावला, की तो स्वतंत्र संगणक होतो. माझ्याकडे तो आता घरातली छायाचित्रे आणि कागदपत्रे साठवण्याचे काम करतो. ज्यांना पेटी स्वतः बनवायची असेल त्यांच्यासाठी बोर्डाची मापे आणि जोडण्यांचे तपशील कंपनीने गिटहब या संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांतून संगणक उभा करून घेतलेल्या पिढीला यात काही नवल वाटणार नाही. पण तीच सोय लॅपटॉपमधून हळूहळू नाहीशी होत गेली, रॅम आणि एसएसडी बोर्डाला डाखून येऊ लागल्या, आणि एवढ्या पातळ यंत्रात ती परत मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पडदा १३.५ इंचांचा आणि ३:२ प्रमाणाचा आहे, म्हणजे नेहमीच्या रुंद पडद्यांपेक्षा उंच. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, आणि रुंद पडद्यावर एका वेळी फारच थोडा मजकूर दिसतो; या पडद्यावर ती अडचण पुष्कळ कमी होते. दुसरी गोष्ट कळफलकाची. त्याच्या अनेक भाषांतील आवृत्त्यांबरोबर एकही अक्षर न छापलेली कोरी आवृत्तीही मिळते. डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने, ही इन्स्क्रिप्टची मांडणी ज्यांच्या बोटांत बसली आहे, त्यांना रोमन अक्षरांचा काही उपयोग नसतो, आणि त्यांच्यासाठी कोरा कळफलक अतिशय योग्य आहे. उबुंटू आणि फेडोरा या दोन्ही लिनक्स प्रणालींना कंपनी अधिकृत पाठबळ देते, त्यामुळे मराठी इन्स्क्रिप्ट लावणे हे मांडणीच्या यादीतून निवड करण्याइतकेच काम उरते. कळा १.५ मिलिमीटर खाली जातात. दीर्घ लेखनाला हे अंतर मला सुखाचे वाटते. मात्र नुसता कळफलक बदलायचा झाला, तर पन्नासाहून अधिक बारीक स्क्रू काढावे लागतात. अख्खे आवरणच बदलणे महाग पडले तरी शहाणपणाचे आहे.

उणिवा लपवण्याचे कारण नाही. एक्स्पान्शन कार्डांच्या चारही खाचा सारख्या दिसतात, पण एएमडीच्या या बोर्डावर त्या सारख्या नाहीत: मागच्या दोन खाचा यूएसबी ४ या अधिक वेगवान प्रकारच्या आहेत, पुढच्या दोनपैकी एकीतून बाहेरच्या मॉनिटरला चित्र जात नाही, आणि यूएसबी-ए कार्ड मागच्या खाचेत लावले तर वीज अधिक खर्च होते. कोणतेही कार्ड कुठेही लावा, हे जे मूळ आकर्षण होते, त्याला इथे मर्यादा आली आहे. कंपनी ती आपल्या माहितीपत्रात सांगते, तरी ती खाचेशेजारीच चिन्हाने दाखवायला हवी होती. झाकण मिटून ठेवल्यावरही बॅटरी उतरत राहते, अशी पहिल्या इंटेल पिढ्यांबद्दल वापरकर्त्यांची जाहीर तक्रार होती. बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरच्या, अद्ययावत आवृत्त्यांना होणाऱ्या विलंबाबद्दलही २०२४मध्ये कंपनीवर उघड टीका झाली. मला ही टीका गंभीर वाटते. यंत्र दहा वर्षे चालवायचे असेल, तर सुटा स्पीकर मिळण्याइतकेच सुरक्षिततेचे बदल वेळेवर मिळणेही आवश्यक आहे, आणि लहान कंपनी आहे म्हणून यात सूट देता येणार नाही. पडदा स्पर्शाला प्रतिसाद देत नाही. ज्यांना ती सोय हवी, त्यांच्यासाठी २०२५पासून फ्रेमवर्क लॅपटॉप १२ आहे.

किमतीचा हिशेब सरळ नाही. २०२१मध्ये तयार लॅपटॉप ९९९ डॉलरपासून आणि रॅम, एसएसडी व प्रणालीशिवायची स्वतः जुळवायची आवृत्ती ७४९ डॉलरपासून मिळत होती. तेवढ्याच क्षमतेचा लॅपटॉप मोठ्या कंपन्यांकडून स्वस्तात मिळू शकत होता. रायझन ५चा मदरबोर्ड ४४९ डॉलरला बाजारात आला. त्यात रॅम धरली, तर पहिल्या बदलाला वाचलेले पैसे डोळ्यांत भरण्याइतके नाहीत. फायदा दिसू लागतो तो दुसऱ्या बदलापासून, आणि बॅटरी किंवा पडदा खराब झाल्यावर, जेव्हा इतर लॅपटॉपचा मालक दुरुस्तीचा खर्च ऐकून नवीनच घेण्याचा विचार करतो. इथे पडद्याभोवतीची चौकट चुंबकांवर असते, ती काढली की चार स्क्रू आणि एक केबल, एवढ्यावर पडदा हातात येतो.

शब्द पाळण्याच्या बाबतीत कंपनीची आजवरची वाटचाल भरवसा देणारी आहे. २०२१च्या सांगाड्यात बसणारे बोर्ड २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ या प्रत्येक वर्षी आले. डीपकम्प्युटिंग या कंपनीने तर त्याच सांगाड्यासाठी आरआयएससी-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसरचा बोर्ड बनवला. तो रोजच्या वापरासाठी नसून विकसकांसाठी आहे, पण एका लॅपटॉपमध्ये इंटेल, एएमडी आणि आरआयएससी-व्ही अशा तीन वेगळ्या प्रोसेसरांचे बोर्ड बसू शकतात, हे ग्राहकोपयोगी यंत्रांत मी पूर्वी पाहिलेले नाही. मोठ्या फ्रेमवर्क लॅपटॉप १६साठी २०२५मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स वेगळे मॉड्यूल म्हणून आले आणि ते जुन्या मालकांनाही घेता आले.

महाराष्ट्रातून कोणी हा लॅपटॉप अमेरिकेतल्या नातेवाइकांकरवी मागवण्याचा विचार करत असेल, तर आपल्या पत्त्यावर सुटे भाग कंपनीकडून थेट पोहोचतात का, हे खरेदीपूर्वी तपासावे. भाग पोहोचत नसतील, तर या यंत्रासाठी जास्त पैसे मोजण्याचे मुख्य कारणच उरत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी स्वतः जुळवायची आवृत्ती घ्यावी, कारण रॅम आणि एसएसडी बाहेरून घेण्याची मुभा राहते आणि आतली रचना पहिल्याच दिवशी हाताखालून जाते. ज्यांच्याकडे पहिल्या पिढीचा लॅपटॉप आहे, त्यांनी मदरबोर्डबरोबरच नंतर आलेली ६१ वॉट-अवरची बॅटरी आणि अधिक घट्ट बिजागऱ्या त्याच ऑर्डरमध्ये मागवाव्यात. मूळची बॅटरी ५५ वॉट-अवरची होती, नवी तिच्याच जागेत बसते, आणि बोर्डासाठी लॅपटॉप उघडलेलाच असताना हे दोन्ही भाग बदलून घेणे सोपे जाते.