सिमची पिन आणली नव्हती

आईच्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप चालेनासं झालं, तेव्हा तिच्यासाठी वापरलेला पण चांगला फोन शोधायला घेतला. पंधरा हजारांत नवा साधा फोन घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन वर्षं वापरलेला, वरच्या श्रेणीतला आणि अजून काही वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळणारा फोन घ्यावा, हे माझं जुनं मत आहे. ते आजही बदललेलं नाही. कित्येकांना मी असे फोन निवडून दिलेत. म्हणूनच जे घडलं ते सविस्तर लिहितोय. फसवणारा माझ्या माहितीतल्या नेमक्या एका फटीतून आत शिरला, आणि ती फट माझ्यासारख्या फोनची आवड असलेल्या बऱ्याच जणांकडे असणार.

जाहिरात ऑनलाइन पाहिली. किंमत १४,५०० रुपये. बाजारभावापेक्षा थोडीच कमी, त्यामुळे संशय आला नाही. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या एका मेट्रो स्थानकाखाली भेटायचं ठरलं. पंचविशीतला, अदबीने बोलणारा मुलगा. ‘दादा, ऑफिसने नवीन फोन दिला, हा नुसता पडून राहतो.’ सोबत बॉक्स, चार्जर आणि बिल.

चाळीस मिनिटं मी फोन तपासत होतो. स्क्रीनवर डाग आहेत का, टच कुठे मरतो का, दोन्ही कॅमेरे, माइक, स्पीकर, बोटाचा ठसा, चार्जिंग. बूटलोडर, म्हणजे फोनची मूळ प्रणाली सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर, उघडलेला नव्हता. फोन नव्याने सुरू करताना जुन्या मालकाचं गूगल खातं मागत नव्हता. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढला. बॉक्सवरचा आणि बिलावरचा आकडा तोच. पंधराच्या पंधरा आकडे जुळवले मी.

मग म्हटलं, माझं सिम टाकून बघू. तर म्हणाला, ‘सिमचा ट्रे उघडायची पिन घरीच राहिली दादा. तुमचं हॉटस्पॉट द्या ना, सगळं चालतंय की नाही बघा.’ मी हॉटस्पॉट दिलं. व्हिडिओ चालला, ॲप उतरलं. पैसे देताना म्हणाला, माझी आजची मर्यादा संपलीय, भावाच्या नंबरवर टाका. यूपीआयच्या पडद्यावर आलेलं आडनाव वेगळं होतं. भाऊ म्हणजे मावसभाऊ असेल, असं मीच मनाशी म्हटलं आणि यूपीआयचा पिन टाकला.

घरी आईच्या सेफ्टी पिनने ट्रे उघडून सिम घातलं. ‘फक्त आणीबाणीचे कॉल’. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, तेच. दीड तास मी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घालवला, एपीएन (मोबाइल इंटरनेटची सेटिंग) बदलला, फोन पुन्हा रिसेट केला. बिघाड फोनमध्येच आहे असं धरून चाललो होतो. रात्री साडेअकराला सुचलं आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आयएमईआय टाकला. उत्तर आलं: काळ्या यादीत.

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या. दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची मध्यवर्ती नोंदवही आहे. मे २०२३ पासून ती संचार साथीमार्फत देशभर खुली आहे. फोन चोरीला गेला की मालक पोलिसांत तक्रार देऊन तिथे आयएमईआय बंद करायला सांगतो. तो बंद झाला की देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम त्या फोनवर चालत नाही. वायफायला मात्र काही होत नाही, कारण वायफाय मोबाइल नेटवर्कमधून जातच नाही. हॉटस्पॉट मागण्यामागे हे होतं. चाळीस मिनिटं मी फोनचं शरीर तपासलं, आणि तो चोरीचा आहे हे तिथेच दाखवणारी चाचणी त्याने पिनेच्या निमित्ताने टाळली.

सोमवारी सकाळी फोन घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. दोघा-तिघांनी सांगितलं होतं, आयएमईआय बदलून देणारे असतात, दोन हजारांत काम होईल. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय चोरीचा माल आहे हे कळल्यावर जवळ ठेवणं हा वेगळा गुन्हा. हवालदारांनी नोंद पाहिली. फोन एका नर्सताईंचा होता, कल्याणच्या लोकलमध्ये गेलेला. पंचनामा झाला, फोन जमा केला. ताईंशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फोटोंबद्दल विचारलं. फोन माझ्याकडे आला तेव्हाच रिकामा होता, हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तोवर सोळा तास उलटले होते आणि त्या खात्यातून रक्कम पुढे गेली होती. बँकेने हात वर केले. चिडलो, पण त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे: ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहाराला जे संरक्षण मिळतं, ते स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांना मिळत नाही. १९३० वर पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. मी तो वेळ एपीएन बदलण्यात घालवला.

बिल नंतर शांतपणे पाहिलं. तारीख नोव्हेंबर २०२३, खाली सीजीएसटी ६ टक्के आणि एसजीएसटी ६ टक्के. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे, म्हणजे ९ आणि ९ हवेत. कुणीतरी जुनं बिल घेऊन त्यात आकडे बदलले होते. आयएमईआय जुळणारच, तो फोनवरूनच टाईप केलेला. बॉक्सवरचा स्टिकरही तसाच छापलेला असणार.

तेव्हा वापरलेला फोन घेताना सिमची पिन स्वतःच्या खिशात न्या आणि आपल्या सिमवरून तिथेच एक कॉल लावा. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही तपासा. एवढं करूनही धोका उरतो. कालच चोरलेला फोन अजून यादीत नसतो, कारण मालक तक्रार करेपर्यंत दोन-चार दिवस जातात. म्हणून विकणाऱ्याचं ओळखपत्र पाहा, सही केलेली पावती घ्या, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जात नसतील तर उठून या.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला एक बिल दाखवलं. दुकानाचं नाव वेगळं, मॉडेल वेगळं, मांडणी तीच आणि खाली ६ आणि ६. त्याने विक्रेत्याला विचारलं, भेटायला येताना सिमची पिन आणू का? त्यानंतर तिकडून उत्तर आलं नाही. ते बिल मी माझ्या तक्रारीला जोडायला पोलीस ठाण्यात देऊन आलोय.