सर्व्हरच्या नावाखाली माझे 25,700 गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. परभणीत सात वर्षं गेमिंग कॅफे चालवतोय, उबंटू (लिनक्स) रोज हाताखाली असतं, स्टीमसीएमडी या टूलवरून काउंटर-स्ट्राइक 2 या गेमचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडून खेळतात ते मशीन, स्वतः उभा करतो. तरी 25,700 रुपये घालवून बसलोय. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

कॅफेतल्याच मशीनवर का नाही चालवला, असं विचाराल. आमचं फायबर सीजीनॅटमागे आहे, म्हणजे एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, स्वतःचा पब्लिक आयपी नाही. राउटरमध्ये गेमचा 27015 पोर्ट कितीही उघडा, बाहेरचं पोरगं जोडलं जात नाही. वर लाइटचा नेम नाही. गणपतीत 16 टीमची स्पर्धा ठेवली होती, लातूर, नांदेड, हिंगोलीची पोरं घरूनच खेळणार होती. भाड्याने घेण्याशिवाय इलाज नव्हता.

हा माणूस एका ग्रुपवर भेटला. गोड बोलणारा, शब्दाशब्दाला "दादा". मुंबईत डेडिकेटेड, म्हणजे फक्त आपल्यासाठीचं मशीन, प्रोसेसरचे 8 कोअर, 32 जीबी रॅम, वर्षाचे 18,000. यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी नंबर यायचाय. बिल नाही तर पैसे नाही, एवढंच तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

आणि ती रात्र तर डोक्यातून जातच नाही. साडेअकराला रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा पासवर्ड आला. लॉगिन केलं, रॅम दाखवणारी फ्री -एच कमांड मारली. टोटलच्या रकान्यात 3.8. बत्तीस नाही, तीन पूर्णांक आठ! त्याला स्क्रीनशॉट टाकला. उत्तर आलं, "दादा, कॅशमुळे कमी दिसतंय." अरे, कॅशने फ्रीचा रकाना कमी होतो, टोटलचा नाही होत. हे मी स्वतः पोरांना शिकवतो! एलएससीपीयू ही कमांड मारली असती तर कोअर मोजून झाले असते, तेही मारलं नाही. पोस्टर छापून झालं होतं, एन्ट्री जमा झाली होती, उद्घाटन दोन दिवसांवर. "सकाळी अपग्रेड होईल" हे ऐकून झोपलो.

सकाळी त्याने आणखी 4,500 मागितले, "सर्व्हर लायसन्स" म्हणून. हे लायसन्स म्हणजे स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मचं जीएसएलटी टोकन, सर्व्हरची ओळख पटवणारा कोड. ते फुकट मिळतं, आपल्याच खात्यातून काढता येतं. मी आजवर फक्त लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या कॅफेत खेळवलेलं, तिथे टोकन लागत नाही, म्हणून माहीत नव्हतं. वर डीडॉसपासून, म्हणजे खोट्या ट्रॅफिकचा मारा करून सर्व्हर पाडण्यापासून संरक्षणाचे 3,200. तेही दिले.

पहिल्याच मॅचला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, 168 मिलिसेकंद. आमच्याकडून मुंबई तिशीच्या आसपास येते. पोरं शिव्या घालायली, मशीनवरचा भार दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये एसटीचा आकडा चाळीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे आपल्या वाटचा प्रोसेसर दुसरेच खायलेत. ट्रेसरूट, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा रस्ता काढला तर शेवटच्या टप्प्यांच्या नावात एफआरए. फ्रँकफर्ट! पैसे देण्याआधी आयपी मागून घ्या आणि पिंग करा, दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद, मी ब्लॉक. सगळ्या टीमचे 500 प्रमाणे 8,000 मी खिशातून परत केले, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन चौथ्या दिवशी केला, कारण तोवर तो पैसे परत करेल असं वाटत होतं. तुम्ही त्याच तासाला करा. खात्यातून रक्कम पुढे सरकत गेली की ती गोठवणं अवघड होतं.

ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "गेमवर पैसे लावायलात का तुमी?" मी फिर्यादी होतो की आरोपी? 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, ई-स्पोर्ट्सवर नाही, हे मी उभ्याउभ्या समजावून सांगत होतो आणि साहेब मोबाइल बघत होते. सर्व्हर म्हणजे काय हे तिघांना तीन वेळा सांगितलं. अर्जावर "ऑनलाइन गेममध्ये हरले" असं लिहिलं. मी सही केली नाही, ओरडलो, तेव्हा खोडलं. मग दुसऱ्या ठाण्यात जा म्हणाले. तिथले म्हणाले, हद्द आमची नाही. बँकेत ऐकायला मिळालं, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो, टाकलाय. ज्याच्या खात्यात गेले त्याचं केवायसी कुणी केलं, हे विचारलं तर काउंटर बंद व्हायची वेळ झाली. पाच चकरा, प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवून.

वर्षाचं भाडं एकदम कुणालाच देऊ नका, एक महिन्याचं द्या. लॉगिन मिळालं की आधी आकडे बघा, मग पुढचा रुपया.

काल एका पोराने मला जाहिरात दाखवली. नाव वेगळं, फोटो वेगळा, मजकूर तोच: मुंबई, 8 कोअर, 32 जीबी, वर्षाचे 18,000.