खिशातला एएम रेडिओ आणि ब्रुअर्सचा एक पूर्ण मोसम : वापरानंतरचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये घेतलेला हा खिशात मावणारा एएम-एफएम रेडिओ मी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ रोज वापरला, आणि तोही मुख्यतः एकाच कामासाठी : मिलवॉकी ब्रुअर्स या अमेरिकेतल्या आमच्या गावच्या बेसबॉल संघाचे सामने ऐकण्यासाठी. दोन पेन्सिल सेल, स्टेशन लावण्यासाठी बाजूला दातेरी चकती, पुढे आकड्यांच्या पट्टीवर सरकणारा लाल काटा आणि तळहाताएवढा आकार, असे त्याचे साधे रूप आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या घडणीचे रेडिओ अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष त्या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडतात. मोबाइलवर सगळे मिळत असताना रेडिओ कशाला, असे इथे नव्याने बेसबॉलची गोडी लागलेले मराठी स्नेही विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या खेळाचे वेळापत्रक लक्षात घेतले म्हणजे रेडिओचे महत्त्व पटते. मुख्य साखळीत प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. अमेरिकन फुटबॉलचा संघ मोसमात १७ खेळतो. म्हणजे आठवड्यातून सहा दिवस आपला संघ कुठे ना कुठे मैदानात असतोच. २०२३ मध्ये दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ लावल्यापासून नऊ इनिंगचा (डावांचा) सामना सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला हे खरे, पण रोज तेवढा वेळ पडद्यासमोर बसून काढणे कामधंदा आणि संसार असलेल्या माणसाला शक्य नसते. रेडिओ मात्र डोळे आणि हात मोकळे ठेवतो. भाजी चिरताना, अंगणातले गवत कापून झाल्यावर कडा नीट करताना, कपड्यांना इस्त्री करताना सामना चालू राहतो, आणि समालोचकाचा आवाज चढला की हातातले काम आपोआप थांबते. लांबलचक मोसमाशी नाते जुळते ते असेच, कामाच्या अधूनमधून.

दुसरे कारण पैशांचे आणि नियमांचे आहे. देशभरचे सामने दाखवणारी लीगची (मेजर लीग या मुख्य बेसबॉल स्पर्धेची) वर्गणी घेतली तरी तुमच्या भागातल्या संघाचे सामने त्यावर थेट दिसत नाहीत; त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. ज्या गावात राहतो त्याच गावचा संघ पाहायला अधिक खर्च यावा, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. ६२० किलोहर्ट्झवर लागणारे मिलवॉकीचे स्टेशन मात्र २०२५ मध्ये ब्रुअर्सचे सामने हवेतून ऐकवत होते आणि त्याला दोन सेलांपलीकडे काही खर्च नव्हता. शिवाय इंटरनेटवरून येणारे चित्र प्रत्यक्ष खेळाच्या बऱ्याच सेकंदांनी मागे असते. रेडिओवर होमरन (चेंडू थेट प्रेक्षकांत धाडणारा फटका) ऐकून झाल्यावर बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, अजून चेंडू टाकण्याच्या पवित्र्यातच दिसतो. त्यामुळे टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओचे समालोचन लावण्याची युक्ती आता तितकीशी जमत नाही. ज्यांना ती करायची आहे, त्यांनी या अपेक्षेने हा रेडिओ घेऊ नये.

आता प्रत्यक्ष ऐकू येण्याबद्दल. एएमसाठीचा अँटेना रेडिओच्या पोटातच, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेल्या तारेचा असतो आणि त्याला दिशा असते. कांडी स्टेशनच्या मनोऱ्याला आडवी आली की आवाज भरदार होतो, तिचे टोक मनोऱ्याकडे झाले की तो बारीक होत जातो. म्हणून खरखर आली की चकतीला हात न लावता आधी रेडिओच पाव वळसा फिरवून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. घरातली मोठी अडचण एलईडी दिव्यांची आहे. आमच्या स्वयंपाकघरातले ओट्यावरचे दिवे लावले की समालोचनावर एक सलग घूं असा आवाज बसतो आणि बंद केले की त्याच क्षणी जातो. मोबाइलच्या चार्जरचेही तसेच. खिडकीची कड ही जागा सर्वात चांगली ठरली. एफएमवर आवाज अधिक स्वच्छ येतो, परंतु तिथे हेडफोनची तार हाच अँटेना असल्यामुळे ती जोडलेली असावी लागते.

मोसमाची सुरुवात मात्र ऐकणाऱ्याचा अंत पाहणारी होती. २९ मार्चला न्यूयॉर्कमध्ये यांकीज संघाच्या पहिल्या तीन फलंदाजांनी आमचा पिचर नेस्टर कोर्टेस याच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमरन मारले. रेडिओवर हे ऐकताना एकाचे वर्णन पुरे व्हायच्या आत दुसरा चेंडू प्रेक्षकांत गेलेला असे. त्या दिवशी यांकीजने नऊ होमरन मारले आणि सामना २०-९ असा गेला. पहिले चारही सामने ब्रुअर्स हरले. मेच्या मध्यापर्यंत संघाने जिंकले त्यापेक्षा हरले जास्त, आणि याच संघाने पुढे ९७ विजयांसह सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. केवळ निकाल वाचणाऱ्याला हा बदल अचानक झाल्यासारखा वाटेल; रोज ऐकणाऱ्याला तो हळूहळू कळत गेला. बेस (धावपटूचा मैदानातला थांबा) चोरण्याचे, म्हणजे फटक्याविना पुढचा थांबा गाठण्याचे धाडस, एकेका बेसचे फटके, पिचरला दमवणारी लांबलेली फलंदाजी, जेकब मिझिओरोस्की या तरुण पिचरचे जूनमधले आगमन आणि ताशी शंभर मैलांच्या पुढे जाणारे त्याचे चेंडू, हे सगळे आधी कानांवर पडले आणि गुणतक्त्यात नंतर दिसले.

रेडिओवर खेळ दिसतो कसा, हे एका उदाहरणाने सांगतो. मी वहीत गुणलेखन करतो. त्यात प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा असतो : पिचर १, त्याचा चेंडू झेलणारा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६ आणि बाहेरचे तिघे ७, ८, ९. पहिल्या बेसवर धावपटू असताना लाकडाचा कोरडा ठोका ऐकू येतो, समालोचक शॉर्टस्टॉपचे नाव घेतो, मग दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूचे, आणि ‘पहिल्याकडे’ असे म्हणेपर्यंत प्रेक्षकांची गर्जना उठते. वहीच्या चौकटीत मी ६-४-३ लिहितो. दोन बाद झाले. तीन नावे आणि एक गर्जना यांतून चेंडूचा सारा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या आधीच्या पिढीने बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकले आणि त्यावरून क्रिकेटचे मैदान मनात उभे केले. ज्यांच्या घरी ती सवय होती त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मिलवॉकीत रेडिओ म्हटले की बॉब युकर यांच्याबद्दल लिहिणे भागच आहे. ते याच गावात जन्मले, तेव्हाच्या मिलवॉकी ब्रेव्हज संघाकडून कॅचर म्हणून खेळले, १९७१ पासून ब्रुअर्सचे समालोचन करू लागले आणि २०२४ पर्यंत करत राहिले. २००३ मध्ये त्यांना समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या पीट अलोन्सोने नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून ब्रुअर्सचा मोसम संपवला, तो त्यांनी सांगितलेला शेवटचा सामना ठरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. म्हणजे मी ऐकलेला हा मोसम त्यांच्याविना पहिला होता. या मोसमाचे समालोचक जेफ लेव्हरिंग आणि लेन ग्रिंडल यांनी त्यांच्या शेजारी बसून अनेक वर्षे काम केलेले आहे. त्यांची चाल अधिक वेगवान आहे, माहिती भरपूर असते, आणि युकर यांची नक्कल ते करत नाहीत, हे मला फार योग्य वाटते. तरीही चेंडू उंच गेला की ‘गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन’ ही हाक येईल म्हणून कान टवकारलेले राहतात, आणि ही सवय एका मोसमात जाणारी नाही.

या रेडिओचा मला सर्वाधिक भावलेला गुण रात्रीचा आहे. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांत बदल होतो, एएमच्या लहरी तिथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात, आणि छोट्याशा संचावरही परगावची स्टेशने लागू लागतात. ११२० वर सेंट लुइस, ११०० वर क्लीव्हलँड, ७०० वर सिनसिनाटी. शिकागो तर ६७० वर दिवसाही लागते. प्रत्येक गावाचा आपला संघ आणि आपला समालोचक. १५ ऑगस्टची रात्र त्यासाठी विसरता येणार नाही. ब्रुअर्स सिनसिनाटीत ८-१ असे मागे पडले होते. आमच्या ख्रिश्चन येलिचने त्या दिवशी युकर यांच्या स्मरणार्थ बनवलेली खास बॅट वापरली, दोन होमरन मारले आणि ब्रुअर्सने सामना १०-८ असा फिरवला. अंधार पडल्यावर मी काटा मधूनच ६२० वरून ७०० वर नेत होतो. आमच्याकडे आवाजात चढता आनंद, तिकडे तोच खेळ सांगणाऱ्या आवाजात वाढत जाणारा सुस्कारा, आणि दोन्हींच्या मागे एकाच मैदानातली एकच गर्दी. प्रतिस्पर्ध्याच्या गावालाही आपल्याइतकेच दुखते, हे मला त्या काट्याच्या बोटभर सरकण्याने फार जवळून कळले.

तो ब्रुअर्सचा सलग तेरावा विजय होता आणि दुसऱ्या दिवशी अकरा इनिंगनंतर चौदावा मिळाला, जो संघाचा विक्रम झाला. जॉर्ज वेब या इथल्या उपाहारगृहांनी सलग बारा विजय मिळाले तर फुकट हॅम्बर्गर देण्याचे वचन फार पूर्वीपासून दिलेले आहे. १९८७ आणि २०१८ नंतर २०२५ मध्ये ते पुन्हा पाळावे लागले. त्या आठवड्यात दुकानात, बसथांब्यावर, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात अनोळखी माणसे एकमेकांना कालच्या सामन्याबद्दल विचारत होती. मिलवॉकी ही या लीगमधली सर्वात लहान बाजारपेठ आहे आणि संघ गमावण्याचे दुःख या गावाने भोगलेले आहे. १९५३ मध्ये आलेल्या ब्रेव्हजनी फलंदाज हँक आरनच्या जोरावर १९५७ ची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली आणि १९६५ नंतर ते अटलांटाला निघून गेले. १९७० मध्ये दिवाळखोर झालेला सिॲटलचा संघ इकडे आणला गेला, तोच हा ब्रुअर्स. त्याने वर्ल्ड सिरीज एकदाच, १९८२ मध्ये गाठली आणि सातव्या सामन्यात गमावली. आपला संघ आपल्या गावात आहे, एवढ्यानेच इथली वयस्क मंडळी इतकी का सुखावतात, हे या इतिहासावरून समजते. परगावाहून येऊन इथे स्थिरावलेल्या मला या सुखात वाटा मिळाला तो रोजच्या समालोचनामुळे. शेजाऱ्यांशी बोलायला हवामानाहून चांगला विषय मिळाला.

ऑक्टोबरमध्ये शिकागो कब्जना पाच सामन्यांच्या मालिकेत हरवले तेव्हा गावात दिवाळी होती. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सनी चारही सामने जिंकले, आणि चारही सामन्यांत ब्रुअर्सची एकेकच धाव झाली. शेवटच्या सामन्यात त्यांच्या शोहेई ओहतानीने पिचर म्हणून दहा फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केले आणि स्वतः तीन होमरन मारले. पराभव आमचा होता, पण असे काही ऐकायला मिळाले याची किंमत मला कळते.

रेडिओच्या उणिवा मोजक्या पण खऱ्या आहेत. काट्याची पट्टी अंधारात दिसत नाही. चकती सैल असल्याने खिशात ठेवताना स्टेशन हलते. त्यावर रबरी पट्टा लावणे हा मला सापडलेला उपाय. कंबरपट्ट्याला अडकवायची मागची चाप जुलैत तुटली आणि विकणाऱ्याने ती वेगळी मिळत नाही असे सांगितले. सोबत आलेले हेडफोन कामाचे नाहीत. वादळाच्या संध्याकाळी विजेचा प्रत्येक लखलखाट कानात फुटतो. सेल मात्र हेडफोन लावल्यास बरेच आठवडे पुरतात, स्पीकरवर त्याहून पुष्कळच कमी.

ज्यांना आवडता संघ दुसऱ्या शहरातला आहे त्यांनी लीगची ध्वनिप्रसारणाची वर्गणी घ्यावी. तीत दोन्ही संघांचे समालोचन मिळते आणि स्थानिक बंदी नसते. स्वतःच्या गावचा संघ ऐकायचा असेल तर हा रेडिओ मी निःशंकपणे सुचवतो, मात्र घेताना दुकानातच एएम लावून, संच फिरवून, चकती किती घट्ट आहे ते पाहून घ्यावा. मोसम संपल्यावर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ॲरिझोनातले सरावाचे सामने सुरू होतात आणि त्यांतले काही रेडिओवर लागतात, तेव्हा नवी जोडी आधीच आणून ठेवलेली बरी.