ईआरपी जोडायच्या आधीच्या प्लॅनिंगला पैसे मोजले, त्याचा रिव्ह्यू

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, साठेक माणसं, दोन शिफ्ट. हा रिव्ह्यू कुठल्या सॉफ्टवेअरचा नाहीये, सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायच्या आधी जे प्लॅनिंग करून देतात त्या सर्व्हिसचा आहे, कारण असं काही वेगळं मिळतं हेच मला आधी माहीत नव्हतं.

आधीचं थोडक्यात सांगते. एका व्हेंडरने छान डेमो दाखवला, आम्ही ऑर्डर दिली, त्यांनी टॅलीतला डेटा, स्टोअरची एक्सेल आणि हजेरीच्या मशीनचा डेटा जसाच्या तसा ईआरपीत (खरेदी, स्टॉक, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) ओतला आणि चार महिन्यांत सगळा स्टाफ परत एक्सेलवर आला. स्टॉक कधी जुळलाच नाही. तेव्हा मला वाटलं आपली माणसंच नीट एन्ट्री करत नाहीत, आणि मी त्यांना बोललेही, त्याचं आजही वाईट वाटतं कारण चूक त्यांची नव्हतीच.

यावेळी पुण्यातल्याच दोघांच्या एका छोट्या फर्मला फक्त प्लॅनिंगचं काम दिलं. सहा आठवडे ठरले होते, नऊ लागले. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे प्रत्येक ठिकाणची आयटमची यादी. टॅलीत साधारण १९००, स्टोअरच्या एक्सेलमध्ये २७००, परचेसवाल्याची स्वतःची वेगळीच शीट. मग ते आमच्या स्टोअरच्या काकांशेजारी स्टूल टाकून बसले आणि एकच बोल्ट धरला, एम ८ बाय २५. तो एका ठिकाणी 'हेक्स बोल्ट ८ x २५', दुसरीकडे 'बोल्ट एम८ २५', तिसरीकडे '८ एमएम बोल्ट १ इंच'. आता कॉम्प्युटरला सांगितलं असतं की सारखी नावं एकत्र कर, तर त्याने पहिले दोन एक केले असते आणि इंचवाला वेगळा ठेवला असता. काका म्हणाले थांबा, इंचवाला आणि पहिला एकच, जुन्या सप्लायरच्या बिलावर इंच लिहून यायचं म्हणून तसं नाव पडलं, पण दुसरा आहे तो १०.९ ग्रेडचा, पहिला ८.८ चा (ग्रेड म्हणजे बोल्टची ताकद), ते दोन कधीच एका बिनमध्ये टाकायचे नाहीत. हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं, २२ वर्षं काकांच्या डोक्यात होतं. मी तिथेच उभी होते, मला त्या क्षणी कळलं की मागच्या वेळी आमचा स्टॉक का जुळला नाही.

तसंच बारचं. आम्ही २५ एमएमचा राउंड बार किलोवर घेतो, टॅलीत किलोच, पण शॉपवर तो मीटरने कापला जातो आणि स्टोअर 'दोन बार दिले' असं लिहितं. हिशोब सगळ्यांना पाठ आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ३.८६ किलो, सहा मीटरचा बार २३ किलोच्या आसपास. पण जुन्या ईआरपीत हा हिशोब कोणी घातलाच नव्हता! या लोकांनी प्रत्येक साइझला खरेदीचं युनिट, स्टॉकचं युनिट आणि कटिंगमध्ये किती वाया जाणार हे शॉपवर उभं राहून लिहून काढलं.

दुसरा मोठा मुद्दा बिल कुठून निघणार हा. आमची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू आहे, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा आयआरएन घ्यावा लागतो. आयआरएन हा ६४ अक्षरांचा नंबर, तो विकणाऱ्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर), आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि बिल नंबर यावरून बनतो. म्हणजे तोच बिल नंबर दोन सॉफ्टवेअरमधून गेला तर दुसरा रिजेक्ट होणार, आणि दोन्हीकडे नंबरची सिरीज वेगळी ठेवली तर एकाच मालाची दोन बिलं पोर्टलवर जाणार, आणि आयआरएन कॅन्सल करायला २४ तासच मिळतात, नंतर क्रेडिट नोट काढत बसायचं. त्यामुळे ठरलं की बिल फक्त नव्या ईआरपीतून, म्हणजे ईआरपीनेक्स्टमधून निघेल, टॅलीत त्याची एन्ट्री आपोआप जाईल, टॅलीत कोणी हाताने सेल्स बिल करायचं नाही. सीएंशी बोलून मगच हे पक्कं केलं, ते मला फार आवडलं.

आणि एक बारीक गोष्ट. ईआरपीतून टॅलीत डेटा पाठवायचा तर टॅली अकाउंट्सच्या पीसीवर चालू असावं लागतं आणि कंपनी उघडलेली असावी लागते. आमच्या अकाउंट्सच्या ताई सहा वाजता पीसी बंद करून घरी जातात, सेकंड शिफ्टचं डिस्पॅच निघतं रात्री नऊला. हे फर्मच्या लोकांनी दोन संध्याकाळी थांबून पाहिलं, म्हणून रात्रीची बिलं रांगेत थांबतील आणि सकाळी टॅली उघडलं की आत जातील असं प्लॅनमध्ये आलं. नाहीतर हे सिस्टिम चालू केल्यावर पहिल्याच रात्री कळलं असतं.

काय आवडलं नाही तेही लिहिते. फायनल डॉक्युमेंट ८० पानांचं आणि पूर्ण इंग्रजीत, स्टोअर आणि शॉपच्या लोकांना त्याचा काय उपयोग? मी मागे लागून आठ पानं मराठीत करून घेतली, ती आता स्टोअरच्या भिंतीवर आहेत आणि तीच सगळ्यात जास्त वाचली जातात. तीन आठवडे उशीर झाला तो आधी सांगायला हवा होता. हजेरीच्या मशीनकडे जवळजवळ लक्षच दिलं नाही, दीड पानात उरकलं, आमच्याकडे ओव्हरटाइमचे वाद त्यावरूनच होतात.

फी अडीच लाख अधिक जीएसटी. आमच्याएवढ्या युनिटला ही रक्कम लहान नाही, भाऊजी आधी नकोच म्हणत होते. पण मागच्या वेळी लायसन्स, ट्रेनिंग आणि वाया गेलेले चार महिने धरले तर याच्या तिप्पट गेले होते. पाचपैकी चार स्टार माझ्याकडून. ज्यांच्याकडे एकच सॉफ्टवेअर आहे आणि शे-दोनशे आयटम आहेत त्यांनी एवढा खर्च करू नका, तुमचा स्टोअरवाला आणि अकाउंटंट आठवडाभर समोरासमोर बसले तरी काम होईल. पण तीन-चार ठिकाणी डेटा असेल तर कोटेशन मागवायच्या आधी हे करून घ्या, आणि ते लोक शॉपवर किती दिवस येणार ते लेखी घ्या.

आम्ही १ एप्रिलला चालू करतोय. ३१ मार्चला फिजिकल स्टॉक मोजायचाय, आणि यावेळी यादीत प्लेटिंगवाल्याकडे पडलेला आमचा मालही आहे, तो आजवर कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हता, डिलिव्हरी चलनाच्या फाइलमध्येच असायचा. काकांनी त्याच्यासाठी वेगळी वही आत्ताच घालून ठेवलीय.