महापालिकेची श्वान नसबंदी सेवा : गाडीवरच्या पोरांना पाचपैकी पाच, पैशाच्या कारभाराला दोन

माझं मेडिकलचं दुकान मच्छीबाजाराच्या तोंडावर आहे. कुत्रा चावला की माणूस आधी माझ्याकडेच पट्टी मागायला येतो. मी त्याला पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायला लावतो आणि लगेच सरकारी दवाखान्यात पिटाळतो. त्यामुळे या सेवेवर माझं बारीक लक्ष असतं.

कुत्री पकडायच्या गाडीवरची पोरं कामात तरबेज आहेत. चिकनवाल्याच्या मागची पांढरी कुत्री कुणाच्या हाती लागत नव्हती. पहाटे एकाने तिला बिस्किटात गुंतवलं आणि दुसऱ्याने मागून जाळं टाकलं. काठी नाही, शिवीगाळ नाही. कुठून उचलली ते वहीत लिहून घेतलं. टाके सुकल्यावर तिला त्याच कोपऱ्यावर आणून सोडलं, कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) पाडून आणि रेबीजची लस टोचून. 'परत कशाला आणली?' म्हणून शेजारी भांडले. पण भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे 2023 चे केंद्राचे नियमच तसे आहेत, आणि ते बरोबर आहेत. ओळखीची कुत्री हलवली की तिच्या जागी बाहेरची, लस न टोचलेली येतात.

घोडं अडतं ते पैशापाशी. ठेकेदाराला पैसे दर कुत्र्यामागे मिळतात. साहजिकच जी सहज सापडतात ती आधी उचलली जातात, चार वॉर्डांत थोडी थोडी. आमच्या गल्लीत काही नसबंदी झालेली, काही राहिलेली. राहिलेल्या दोन माद्याही पुरतात, कारण कुत्रीला पिल्लं व्हायला जेमतेम दोन महिने लागतात. त्यात ठेक्याची मुदत संपली, नवी निविदा अडकली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू होईतो बाजारात पिल्लंच पिल्लं. आधीचा खर्च पाण्यात!

माझं म्हणणं एवढंच आहे की बिल वॉर्डावर द्या. वॉर्डातल्या दहापैकी सात-आठ कुत्र्यांच्या कानाला खाच दिसल्याशिवाय पुढच्या वॉर्डात जायचं नाही. जुना ठेका संपायच्या आत नवा व्हायला हवा. पाळीव कुत्र्यांच्या परवान्याची फी याच कामाला बांधून द्या. ती पुरणार नाही, मग मालमत्ता करातून घाला. मी आनंदाने भरेन. दवाखान्यात लसीचे डोस आणि इम्युनोग्लोब्युलिन (गंभीर चाव्यावर लसीसोबत द्यायचं तयार अँटीबॉडीचं औषध) यांवर होणारा खर्चही शेवटी आपलाच आहे. शाळा, इस्पितळं, बसस्थानकं इथली कुत्री परत सोडायची नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा आदेश आहे. मग त्यांच्या निवाऱ्याचा, खाण्याचा, डॉक्टरचा खर्चही बजेटमध्ये वेगळा दाखवायला हवा. आमच्याकडे तो दिसत नाही.

तक्रार करणाऱ्यांसाठी एक सांगतो. 'कुत्र्यांचा त्रास आहे' एवढंच लिहू नका. कानाला खाच नसलेल्या कुत्र्याचा फोटो, नेमकी जागा आणि ते तिथे कधी सापडतं ती वेळ द्या. माझ्या अशा तक्रारींवर गाडी रिकामी गेलेली नाही.