पाटीवर ‘आयएनडी’ होतं, तरी पाटी खोटी निघाली

दोन महिने मी खोटी नंबरप्लेट लावलेली गाडी सिडको ते अंबड एमआयडीसी अशी रोज चालवली. वर सोसायटीतल्या दोघांना सांगितलं, “आपलं काम झालं ब्वॉ, तुम्ही बसा तारखा घेत.” त्यातला एक जण त्याच माणसाकडे जाऊन आला. म्हणून हे सगळं लिहितोय, नाहीतर असला मूर्खपणा कोण चारचौघांत सांगेल?

आमच्या घरात दोन गाड्या, दोन्ही एमएच १५. माझी २०१६ ची पेट्रोल वॅगनआर आणि बायकोची २०१३ ची स्कूटर. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवणं सक्तीचं झालं, त्यात दोन्ही आल्या. (त्यानंतरच्या गाड्यांना ती शोरूममधूनच लागून येते.) मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग एप्रिलअखेर झाली, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट. सरकारी मुदत वाढतेच, हे आपल्याला पाठ असतं, म्हणून मी जुलै संपेपर्यंत हललो नाही. हललो तेव्हा पाटी बसवायला मिळालेली तारीख सप्टेंबरच्या मध्याची. ती बघून घाबरलो आणि बुकिंग अर्धवट सोडलं. १५ ऑगस्टच्या आत तारीख घेऊन ठेवली असेल तर कारवाई नाही, असं परिवहन खात्यानं तेव्हाच सांगितलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. पावती खिशात ठेवून सप्टेंबरपर्यंत आरामात फिरता आलं असतं.

पाथर्डी फाट्याकडे जाताना सर्व्हिस रोडला एक जण छत्री लावून बसायचा. मागे फ्लेक्स, त्यावर अशोकचक्र आणि ‘हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, अर्ध्या तासात’. मी थांबून विचारलं तर म्हणाला, “साहेब, आरटीओत आपली सेटिंग आहे. लायनीत कशाला मरता? आरसीचा फोटो पाठवा, उद्या दोन्ही गाड्या घेऊन या.” कारचे अठराशे, स्कूटरचे बाराशे. सरकारी दर मला माहीत होता, हे कबूल करतो. जीएसटी धरून दुचाकीला ५३१ रुपये आणि कारला ८७९ रुपये १० पैसे. म्हणजे चौदाशे दहाचं काम मी तीन हजारांना करून घेत होतो आणि वरचे सोळाशे ‘वेळ वाचवल्याचे’ म्हणून मनात धरले होते.

दुसऱ्या दिवशी पाट्या तयार होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, उठावाचे अंक, डावीकडे निळ्या अक्षरांत आयएनडी, वर चकाकणारं चक्र. लांबून तरी खोड काढायला जागाच नव्हती. त्यानं जुन्या पाट्या काढल्या, नव्या पॉप रिबीटनं ठोकल्या, आणि जुन्या पाट्या पायानं ढकलून टपरीमागच्या गोणीत टाकल्या. त्या परत मागाव्यात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कारच्या काचेवर लावायचं स्टिकर कुठे, असं मी विचारलं होतं खरं. “ते नंतर येतं साहेब, आठ दिवसांनी चक्कर मारा.” त्याच्या मोबाइलवर पैसे टाकले तर नाव भलत्याच कुणाचं आलं. म्हटलं, असेल मेहुणा. पावती मागितली तर छापील पुस्तकातून फाडून दिली.

काही दिवसांत मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत वाढली. घाई ज्याच्यासाठी केली तेच उरलं नाही.

ऑक्टोबरात कारचं कर्ज फिटलं. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला पेठ रोडच्या आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एचएसआरपी बसवलेली नाहीये. आधी ती बसवा, मग हे काम होईल.” मी म्हटलं, मॅडम, बसवलीये की, खाली गाडी उभी आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, “गाडीवर असेल. वाहनवर नाही.”

सगळी गोम या एका वाक्यात होती. खरी पाटी बसवली की तिची नोंद गाडीच्या नंबरासमोर ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत होते. पुढच्या आणि मागच्या पाटीला लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, दोन्हींचा वेगळा, आणि ते दोन्ही तिथे चढतात. त्या नोंदीशिवाय पाटी म्हणजे रंगवलेला पत्रा. मालकीबदल, पत्ताबदल, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं तिथेच अडतात.

खाली आलो. शेजारी एक रिक्षावाले दादा पासिंगला आले होते, त्यांना माझा चेहरा बघूनच काहीतरी कळलं असावं. पाटीपाशी उकिडवे बसले, अंगठ्याचं नख चक्राच्या कडेला घातलं आणि चक्र अख्खं सोलून हातात आलं. “काका, हे तर चिकटवलेलं आहे. आमचं बघा.” त्यांच्या पाटीवरचं चक्र पत्र्यातच उमटल्यासारखं होतं, खरवडून हलेना. मग म्हणाले, पुढचा आणि मागचा बारीक नंबर वाचा. मी गुडघे टेकून वाचला. दोन्ही पाट्यांवर एकच नंबर, तोही छापलेला. रात्री घरी स्कूटर तपासली. तिच्यावरही तोच नंबर. त्या भल्या माणसानं शहरभर एकच नंबर वाटला असणार.

आणि रिबीट. खऱ्या पाटीला स्नॅप लॉक असतं. एकदा बसलं की उघडत नाही, काढायचं तर तोडावंच लागतं. चोरानं पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावू नये, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मला हे माहीत असतं, तर रिबीटची मशीन दिसताच गाडी वळवली असती.

टपरी जागेवरच होती, ह्याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. तो घाबरलाही नाही. म्हणाला, “मी सरकारी आहे असं कुठं म्हणालो? तुम्ही पाटी मागितली, मी लावली. पावती बघा की.” पावती बघितली. ‘नंबर प्लेट सेट, २ नग’. एचएसआरपी हा शब्द कुठेच नाही, दुकानाचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. मी आवाज चढवला तेव्हा पाचशेची नोट पुढे केली आणि वर “तुमच्यासाठी म्हणून” असं म्हणाला. मला पैशांचं तितकंसं वाटलं नाही. मी विचारलं, जुन्या पाट्या कुठे आहेत? “भंगारात गेल्या.” कुठल्या भंगारात? खांदे उडवले.

तेव्हा पोटात गोळा आला. माझ्या गाडीचे खरे नंबर लिहिलेल्या चार जुन्या पाट्या, वर दोन्ही आरसींचे फोटो, म्हणजे इंजिन आणि चासी नंबरासकट, एका अनोळखी माणसाकडे. उद्या कुणी पांढरी वॅगनआर उचलली आणि माझी पाटी लावली, तर टोलवर, सिग्नलवर, एखाद्या अपघातात नाव माझं. अधिकृत केंद्रावर जुनी पाटी तिथल्या तिथे मोडीत काढणं अपेक्षित असतं, ते याच कारणासाठी.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. हवालदार साहेब आधी “तीन हजारांसाठी?” अशा नजरेनं बघत होते, पण जुन्या पाट्यांचं सांगितल्यावर खुर्ची ओढून बसले. पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, टपरीचा फोटो जोडला आणि शिक्क्याची पोच घेतली. पुढेमागे भलतं काही आलं तर दाखवायला ती पोच हवीच.

माझा मेहुणा नाशिकरोडला राहतो, त्याची तऱ्हा वेगळी. तो टपरीवर गेला नाही, मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर बोट दाबलं. साइट हुबेहूब. पैसे गेले, पावतीही आली, फक्त केंद्राचा पत्ता होता तिथे असं केंद्रच नव्हतं. तो तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर बोलला. अशा वेळी जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे गोठण्याची शक्यता जास्त. बुकिंगला परिवहन विभागाचा transport.maharashtra.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून शिरायचं, शोधून आलेल्या दुव्यावरून नाही.

मी शेवटी तेच केलं. आरटीओ निवडला, गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे, मोबाइलवर ओटीपी, पैसे तिथेच ऑनलाइन. दोन्ही गाड्यांचं मिळून पंधरा मिनिटांत झालं. बायको म्हणाली, “एवढंच होतं?” मी उत्तर दिलं नाही. नोव्हेंबरची तारीख मिळाली, सातपूरच्या बाजूचं केंद्र. तिथल्या पोरानं प्लॅस्टिकची फ्रेम गळ्यात मारायचा प्रयत्न केला, मी नको म्हटलं, त्यानंही ताणलं नाही. स्नॅप लॉकचा ‘टक्’ आवाज ऐकला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कारला काचेचं स्टिकर आतून लावलं, पेट्रोलचं म्हणून फिकट निळं, त्यावर गाडीच्या नंबरासोबत दोन्ही पाट्यांचे लेझर क्रमांकही. मी तिथेच उभा राहून ते पाटीशी ताडून बघितले. खोट्या पाट्या मात्र मी परत मागून घेतल्या, पोलिसांच्या अर्जासाठी.

पुढच्या आठवड्यात पेठ रोडला पुन्हा गेलो, त्याच खिडकीत. बाईंनी नंबर टाकला आणि काही न बोलता कागद आत ओढले.

आता दर रविवारी सकाळी चहा होईपर्यंत महाट्रॅफिक अ‍ॅप उघडतो आणि दोन्ही नंबर टाकून बघतो, कुठल्या गावचं चलान आलंय का. त्या चार पाट्यांचा पत्ता अजून लागलेला नाही.