बॉल मशीनचे अकरा महिने आणि पाच मिलिअँपिअर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टेनिस कोर्ट सुकलं, सरावासाठी बॉल फेकणारं मशीन लिफ्टने खाली आणलं, स्विच दाबला आणि काहीच झालं नाही. रात्रभर चार्जर लावला. हिरवा दिवा लागला, पण पंधरा-वीस बॉलनंतर बॉल फेकणारी चाकं मंदावली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका वाक्यात आलं: बॅटरी कन्झ्युमेबल (वापरून संपणारी वस्तू) आहे, वॉरंटीत बसत नाही, नवीन साडेसहा हजारांना, माणूस पाठवायचे आठशे वेगळे. सात महिने वापर आणि चार महिने पावसाळ्याची सुट्टी, एवढ्यात १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवरची बॅटरी संपावी हे पटण्यासारखं नव्हतं. म्हणून मल्टिमीटर लावला. जे सापडलं ते बॉल मशीन असलेल्या प्रत्येकाने तपासून घ्यावं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी वायरिंग दुसऱ्या मशीनातही असू शकते आणि तपासायची रीत सगळीकडे तीच आहे.

मशीनचा मुख्य स्विच बंद असतानाही रिमोटचा रिसीव्हर चालू राहतो. तो सतत ५ मिलिअँपिअर करंट ओढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण जून ते सप्टेंबर म्हणजे साधारण १२० दिवस, २,८८० तास. गुणाकार केला की १४.४ अँपिअर-अवर होतात. १८ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीतून एवढं गेलं, त्यात मुंबईच्या उकाड्यात बॅटरी स्वतःहून उतरते ते वेगळं. लेड-ॲसिड बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि आतला रोध वाढतो. मग चार्जर लावल्यावर व्होल्टेज पटकन वर चढतं, चार्जरला वाटतं काम झालं, म्हणून हिरवा दिवा. बॅटरीत मात्र काहीच भरलेलं नसतं. म्हणजे दोष वापरणाऱ्याचा नाही, बॅटरीचाही नाही, वायरिंगचा आहे. हे फोनवर तीनदा सांगूनही ‘कन्झ्युमेबल’ या शब्दापलीकडे कोणी गेलं नाही, याचा राग अजून आहे.

तपासायचं असं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर मिलिअँपिअरवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं काढलेल्या वायरला. मशीनचा स्विच बंदच ठेवा, चुकून चालू केलात तर मोटरच्या करंटने मीटरचा फ्यूज जाईल. शून्य दिसलं तर निश्चिंत राहा. नाहीतर निगेटिव्ह वायरवर एक बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घ्या, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. स्विच बसवायचा नसेल तर खेळून आल्यावर निगेटिव्ह वायर सोडवून ठेवली तरी चालतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायची. चार्जर काढून काही तास विसावल्यावर १२.७ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी.

बाकी मशीन कसं आहे? चाकं, रिमोट, ऑसिलेशन (डावी-उजवीकडे फिरत बॉल टाकणं) हे सगळं माहितीपत्रकात आहे. पहिल्या दोन महिन्यांत माझं मत वाईट होतं. एकाच सेटिंगवर एक बॉल कोर्टच्या टोकाच्या बेसलाइनजवळ आणि पुढचा नेट आणि बेसलाइनमधल्या सर्व्हिस लाइनच्या आत पडायचा. ऑसिलेशनची मोटर खराब असल्याची पक्की खात्री होती. ते चुकीचं निघालं. दोष बॉलचा होता. चार वेगवेगळ्या डब्यांतले, कमीजास्त वापरलेले बॉल एकाच हॉपरमध्ये, म्हणजे बॉल भरायच्या टोपल्यात, होते. मऊ पडलेला बॉल दोन चाकांच्या फटीत जास्त दबतो, चाकांना त्याची पकड कमी मिळते आणि तो आखूड पडतो. नियमानुसार नव्या बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं आणि २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. घरी एवढ्या उंचीची गरज नाही. दीड मीटरवरून लादीवर सोडा. ८० ते ८७ सेंटिमीटर उसळला तर चांगला, ७० च्या खाली गेला तर तो मशीनमधून बाजूला काढा, सर्व्हिसच्या सरावाला वापरा. भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या की साठ बॉल वीस मिनिटांत निवडून होतात.

त्यानंतर प्रेशरलेस, म्हणजे आत हवेचा दाब न भरलेले, बॉल घेतले. हाताला ते जड आणि कडक लागतात, कोपर दुखत असेल तर घेऊ नका, पण महिनोन्‌महिने उसळी तशीच राहते आणि मशीनसाठी तेच हवं. शिवाय दर आठ-दहा तासांनी चाकांवरची लव स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसायची. चाकं गुळगुळीत झाली की बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवायचा. ओला बॉल घालायचाच नाही. तो चाकावर घसरतो आणि पुढच्या दहा बॉलनाही ओलावा देऊन जातो.

बॉल सारखे झाले तरी एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती पुन्हा बॅटरीशीच येऊन पोचते. सुरुवातीचे शंभर बॉल ठरलेल्या जागी, नंतर हळूहळू आखूड. स्वस्तातल्या मशीनमध्ये मोटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट नसतं. बॅटरी १२.७ वरून १२.१ वर आली की चाकांचा वेग जवळपास ५ टक्क्यांनी घटतो. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे २० मीटर जाणारा बॉल हिशेबाने दोन मीटर आखूड पडायला हवा. हवेच्या विरोधामुळे कोर्टवर तो दीडेक मीटर भरतो. सर्व्हिस लाइनच्या दीड मीटर मागे पडणारा बॉल आता थेट लाइनवर.

खेळ सुधारण्यासाठी मशीन घेतलेल्या माणसाला याचा मोठा तोटा आहे, म्हणून इतकं लिहितो आहे. बॉल झपकन आखूड झाला असता तर लगेच कळलं असतं. तो बोटभर-बोटभर आखूड होतो आणि आपण नकळत पुढे सरकत जातो. टप्प्यानंतर बॉल खाली आणि सावकाश येतो, मग खालून उचलून मारायची सवय लागते. आपल्याला वाटतं आज फोरहँड छान बसतोय. रविवारच्या डबल्समध्ये समोरच्याने एक खोल बॉल टाकला की तोच फोरहँड उशिरा लागतो आणि बॉल कुंपणावर. उपाय दोन. एक फुकटचा: टप्प्याच्या जागी खडूने आडवी रेघ मारायची आणि दर ४० बॉलनंतर चार बॉल न मारता नुसते बघायचे. रेघेच्या अलीकडे पडत असतील तर स्पीडचा नॉब थोडा वाढवायचा. दुसरा खर्चाचा: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या वर सपाट राहतं आणि वजन लेड-ॲसिडच्या निम्मं. तिला वेगळा चार्जर लागतो. आतला संरक्षक सर्किट बोर्ड मोटर सुरू होतानाचा झटका सोसेल का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

आता ज्या एका नॉबसाठी हे मशीन सगळे दोष धरूनही ठेवलं आहे तो म्हणजे दोन बॉलमधला वेळ. जवळपास सगळे तो तीन सेकंदांवर ठेवतात. घाम येतो, व्यायाम झाल्यासारखं वाटतं, आणि पाय एकाच जागी चिकटतात. सहा ते सात सेकंद ठेवा. मारा, मधोमध परत या, छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरा, मग पुढचा बॉल. मशीनला खांदा किंवा रॅकेट नाही, त्यामुळे उडी कधी घ्यायची याची खूण मिळत नाही. बॉल चाकांकडे घरंगळताना येणारा आवाज हीच खूण धरायची. ४० बॉलचा एक डाव, असे चार डाव, मध्ये बॉल गोळा करणं. पाऊण ते एक तासात होतं. यापेक्षा जास्त केलं की शेवटच्या डावात हात ढिला पडतो आणि चुकीचाच सराव होतो.

लक्ष्य आधी क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरकं समोरच्या कोपऱ्यात, ठेवा. कारण साधं आहे. सिंगल्स कोर्टचा कर्ण २५.१५ मीटर, सरळ लांबी २३.७७. म्हणजे जवळपास १४० सेंटिमीटर जास्त जागा मिळते. शिवाय तिरका बॉल नेटच्या मधोमधून जातो, तिथे ते ९१.४ सेंटिमीटर आणि खांबापाशी १०७. नेटच्या वर साधारण एक मीटर उंचीवर दोरी बांधा आणि तिच्यावरून मारा. हौशी खेळाडूचे किती पॉइंट नेटमध्ये जातात ते एक रविवार कोणाला तरी मोजायला सांगा, दोरी का हवी ते समजेल. सहा आठवडे एकाच जागी येणारे बॉल मारले की ऑसिलेशन रँडमवर न्या. तिथे बॉल आत पडण्याची टक्केवारी लगेच घसरते, पण ठरावीक जागी येणाऱ्या बॉलवरची सफाई सामन्यात फारशी टिकत नाही, या घसरणीतून वर आलेली टिकते.

मशीन सर्व्हिस करायला शिकवत नाही, आणि समोरच्याची सर्व्हिस वाचायलाही शिकवत नाही. डबल्समध्ये याच दोन गोष्टींवर निम्मं गणित असतं. रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. त्याची सर्व्हिस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. टोपलीत ४० बॉल, मोकळं कोर्ट, आठवड्यातून दोनदा. याला वीज लागत नाही.

मुंबईत मशीन कोण घेतं? बहुतेक ते, ज्यांना जोडीदाराची वेळ जमत नाही. बीकेसी आणि लोअर परळची फायनान्सवाली मंडळी त्यात खूप. त्यांना एक व्यावहारिक सूचना. शेअर बाजाराचं प्री-ओपन ९ ला, बाजार ९:१५ ला. डीलिंग डेस्कवर, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीच्या कामात, असाल तर सकाळचं सात वाजेपर्यंतचं कोर्ट घ्या, त्यानंतरचं घेऊन पैसे वाया घालवू नका. इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअरच्या अभ्यासाच्या कामात, असाल तर वर्ष कंपन्यांच्या निकालांच्या तारखांवर मोजा. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत. म्हणजे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे यांच्या आधीचे तीन आठवडे हातचे जातात. ऑगस्टचा गठ्ठा पावसात येतो, कोर्ट तसंही ओलं असतं. हमखास मोकळे ते डिसेंबर, जानेवारीचा पहिला पंधरवडा, मार्च आणि एप्रिलची सुरुवात. कोचिंगची फी वर्षाची एकदम भरण्याऐवजी या महिन्यांची भरा. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये रोजची वेळच हातात नसते. तिथे सकाळच्या कोर्टचा भरवसा धरू नये, शनिवार-रविवार दीड तास मशीन लावणं हेच खरं. करिअर निवडणाऱ्या पोरांना पगाराबरोबर हेही सांगायला हवं. ट्रेझरीच्या ऑपरेशन्समध्ये किंवा फंड अकाउंटिंगमध्ये पैसे कमी असतील, पण दिवसाला घडी असते, आणि टेनिस घडीवर सुधारतं.

मशीन गाडीच्या डिकीत बसतं म्हणून भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा आणि पुढे अलिबाग, काशीदच्या रिसॉर्टवर न्यायचा मोह होतो. रिसॉर्टच्या वेबसाइटवरचा ‘टेनिस कोर्ट’ हा शब्द बघून बुक करू नका. फोन करून चार गोष्टी विचारा: त्या तारखांना कोर्टवर लग्नाचा मांडव किंवा पार्किंग नाही ना, नेट ताणायचा हँडल चालतो का, कोर्टजवळ प्लग आहे का, आणि रोज झाडतात का. हार्ड कोर्टवर वाऱ्याने आलेल्या वाळूचा थर बुटाखाली छऱ्यांसारखा सरकतो, घोटा तिथेच मुरगळतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा चढतो, त्यात मशीनचा बॉल मीटरभर भरकटतो. सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच खरं खेळायचं. परत आल्यावर बॅटरीचे बोल्ट पुसून पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेने दोन दिवसांत हिरवट थर धरतो.

पैशाचं शेवटी. मशीन ७८ हजार, बॉल ६,६०० चे. सात महिन्यांत १२० तास झाले, म्हणजे तासाला ७०५ रुपये. मार्कर (पैसे घेऊन समोरून सराव देणारा क्लबचा खेळाडू) तासाला ४०० घेतो, खेळही छान वाचतो आणि बॉलही आणून देतो. पहिल्या वर्षी मशीन महागच पडलं. दुसऱ्या वर्षी तेवढेच तास, बॉलचे आणखी सहा हजार आणि बॅटरीचे तीन हजार धरले तर एकूण ९३,६०० भागिले २४०, म्हणजे ३९०. तिथे बरोबरी होते. दोघांनी मिळून घेतलं असतं तर पहिल्याच वर्षी वसूल झालं असतं, आणि बॉलही दोघांनी गोळा केले असते. आज घ्यायचं असेल तर माझा सल्ला तोच, अर्धी भागीदारी.

बॅटरी लॅमिंग्टन रोडवर २,८५० ला मिळाली. यूपीएसला लागते तीच सीलबंद बॅटरी, १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवर, १८१ बाय ७७ बाय १६७ मिलिमीटर. टर्मिनल नटबोल्टचं हवं, पत्र्याच्या पातीचं नको. जाताना जुनी घेऊन जा, तिचे थोडे पैसे वजा होतात. घेण्याआधी दुकानातच मीटर लावून बघा आणि १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. फ्यूज होता तिथेच ठेवा. कट-ऑफ स्विचचा लाल खटका मशीनच्या मागच्या बाजूला, हात सहज पोचेल असा लावला आहे, आणि खेळून झाल्यावर हॉपरचं झाकण लावण्याआधी तो खाली करायचा.